गोधडीवर मशीनची नक्षी : रेशमी दोरे, जरी, कोसा आणि पुढचं धुणं

पऱ्हाटी (आर्वी तालुका)

आमच्या गटातल्या बायका आता गोधड्या मशीनवर शिवतात. आत जुन्या सुती लुगड्यांचे थर, वर तुकड्यांचं जोडकाम, आणि जोडावरून मशीनचा नक्षीटाका. बाजारात रेशमी दोऱ्याची रिळं, जरी, एकाच रिळात रंग बदलत जाणारे दोरे असं सगळं मिळायला लागलंय. दुकानात ते बघितले की हात शिवशिवतात. पण गोधडी भिंतीवर टांगायची वस्तू नाही. ती अंगावर येते, पोरं तिच्यावर लोळतात, आणि वर्षातून काही वेळा ती धोपटून धुतली जाते. म्हणून माझं म्हणणं असं की दोरा निवडायचा तो धुणं डोळ्यांपुढे ठेवून, चकाकी त्याच्यानंतर. कोणता दोरा कुठे चालतो ते सविस्तर लिहिते. तुम्हीही भर घाला.

आधी नंबर. नक्षीच्या दोऱ्यावर बहुतेक वेळा 40 लिहिलेलं असतं. म्हणजे 40 किलोमीटर दोरा तोलला तर एक किलो भरेल. आकडा वाढला की दोरा बारीक: 60 चा बारीक, 30 चा जाड, 12 चा त्याहून जाड. काही रिळांवर 120/2 असतं. म्हणजे 120 डेनिअरचे दोन पदर. डेनिअर म्हणजे 9,000 मीटर दोऱ्याचं ग्रॅममधलं वजन. दोन पदर मिळून 240, म्हणजे 9,000 मीटरला 240 ग्रॅम. हिशेब केला तर ग्रॅमला साडेसदतीस मीटर येतो, म्हणजे जवळपास 40 नंबरच. म्हणून ही दोन रिळं वेगळी दिसली तरी जाडी एकच समजायची. टेलरच्या साध्या शिलाई दोऱ्याचे नंबर मात्र वेगळ्या मापाचे असतात, ते याच्यात मिसळू नका.

दुकानात ज्याला सरसकट रेशीम म्हणतात ते बहुतेक वेळा रेयॉन असतं, नाहीतर पॉलिस्टर. ओळखायचं तर एक तुकडा काडीने जाळून बघा. रेयॉन कागदासारखा भुरभुर जळतो आणि मऊ राख होते. पॉलिस्टर वितळतो आणि टोकाला कडक मणी बनतो. खरं रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो. रेयॉन लाकडाच्या लगद्यापासून बनतो, झळाळी सुंदर असते, सुईखालून मऊ जातो. पण ओला झाला की त्याची ताकद बरीच घटते, आणि गोधडी धोपटली जाते ती ओली असतानाच. सुती दोऱ्याचं याच्या उलट आहे, तो ओला झाल्यावर जास्त मजबूत होतो. नक्षीच्या चांगल्या पॉलिस्टर दोऱ्याचा तंतू आडवा कापला तर तीन कोनांचा असतो, त्यामुळे उजेड परततो आणि तो रेयॉनइतकाच चमकतो. त्याचा रंगही टिकतो. रोजच्या वापराच्या गोधडीवर चमक हवीच असेल तर मी पॉलिस्टर घेते. रेयॉन रुखवताच्या किंवा बाळंतविड्याच्या गोधडीला, जी हलक्या हाताने धुतली जाणार आहे.

तुकडे जोडायला मात्र यातला एकही दोरा नको. जोडकाम साध्या सुती दोऱ्यानेच करा. रेयॉन गुळगुळीत असतो, टीप मोकळी होते.

नक्षी दोन वेळांना घालता येते. एकतर सगळे थर एकत्र कच्च्या टाक्याने धरून मग आरपार, नाहीतर फक्त वरच्या कापडावर आधी, आणि थर नंतर लावायचे. आरपार घातलात तर आतले थरच कापडाला आधार देतात, चुण्या पडत नाहीत. शिवाय तोच टाका गोधडीही बांधतो. फक्त वरच्या कापडावर घालायचा असेल तर खाली काहीतरी आधार लागतोच. जुनं मऊ लुगडं असेल तर त्याला आधी पातळ खळ द्या, भाताच्या पेजेची सुद्धा चालते. इस्त्री करा, आणि खाली बटर पेपर ठेवून टाका घाला. नंतर कागद फाडून काढायचा. वर्तमानपत्र वापरू नका, शाई कापडाला लागते.

आणि खालचा दोरा बारीक ठेवा, वरचं टेन्शन, म्हणजे वरच्या दोऱ्याचा ताण, थोडं सैल करा. वरचा दोरा किंचित खाली ओढला गेला की वरून बॉबिनचा, म्हणजे खालच्या छोट्या रिळाचा, दोरा दिसत नाही.

टीपवाली (पुसद)

ताई, खूप उपयोगी लिहिलंत. माझ्याकडे सासूबाईंची काळी पायमशीन आहे. ती फक्त सरळ टीप मारते. माझ्यासारखीने नक्षीचा नाद सोडायचा का? आणि दोन सुयांची जोडसुई मिळते ती लावली तर चालेल का?

पऱ्हाटी

जोडसुई अजिबात लावू नका. सरळ टिपेच्या मशीनच्या पत्र्याला एकच गोल बारीक भोक असतं. दोन सुया खाली आल्या की एक पत्र्यावर आपटून तुटणार, आणि तुकडा डोळ्यात जाण्याची भीती. जोडसुईला आडवी रुंद फट असलेला पत्रा लागतो, म्हणजे झिगझॅग येणारी मशीन.

पण काळ्या मशीनवर एक काम फार छान होतं. जाड दोरा बॉबिनमध्ये भरायचा आणि गोधडी उलटी ठेवून शिवायचं. सुईच्या भोकातून जाणार नाही असा दोरा खालून येतो, आणि सुलट बाजूला जाड, उठावदार रेघ उमटते. भरतकामाच्या अँकर दोऱ्याच्या लडीत सहा पदर असतात, त्यातले दोन किंवा तीन घ्या. पर्ल कॉटन, म्हणजे भरतकामाचा पिळाचा सुती दोरा, त्याचा 8 नंबरही बसतो. बॉबिनवर हाताने सावकाश, सारखा गुंडाळा. वर साधा दोरा, त्याच रंगाचा.

बॉबिन केसच्या, म्हणजे बॉबिन बसते त्या डबीच्या, बाजूला बारीक स्क्रू असतो, तो थोडा सैल करावा लागतो. नेहमीच्या शिलाईची केस छेडू नका. दुसरी केस आणा, महाग नसते. तिला नेलपॉलिशचा ठिपका देऊन फक्त जाड दोऱ्यासाठी ठेवा. स्क्रू एकदम फिरवायचा नाही. खाली ताट ठेवा, स्क्रू निघाला तर सापडत नाही. दोरा ओढला तर अडखळायला नको, पण आपोआप सुटायलाही नको.

नक्षी अस्तराच्या बाजूने आखावी लागते, कारण शिवताना सुलट बाजू खाली असते. अस्तरावर खडूने वेल काढा, त्यावरून चालवा. टाका मोठा ठेवा, तीन-चार मिलिमीटरचा. छोट्या टाक्यात जाड दोरा गुंततो.

शिंपीदादा (दर्यापूर)

पऱ्हाटीताई, जोडसुईचं बरोबर सांगतलं तुमी. माह्या दुकानात पिकोची मशीन हाय, तिच्यावरचं सांगतो. बाया म्हणतात पिको म्हंजे साडीच्या काठाले. पन थे मुळात झिगझॅगचीच मशीन हाय. लिव्हर सरकवलं की रुंदी कमीजास्त होते, टाका आखूड केला की भरीव पट्टी येते. तुमच्या गावच्या बाजारात पिको करनारा कोनी असनच, त्याच्याकडून गोधडीचे जोड करून घेता येतात.

गोफ लावाचा असन तर गोफ जोडावर ठेवाचा आन वरतून झिगझॅग मारत जाचं. सुई गोफात घुसली नाई पायजे, दोन्ही बाजूनं पडली पायजे. वरचा दोरा गोफाच्याच रंगाचा. गोफ धुन्यात कोठी जात नाई, कारन त्याले दर टाक्यात दाबलेला असते. जाड लोकर, सुतळी, पैठणीच्या काठाची कातरन, सारं असं बसवता येते.

पन एक सांगतो, भरीव पट्टी गोधडीभर मारू नका. तिथं कापड पुठ्ठ्यावानी होते. कायले मंग थे अंगावर घेता? काठाले मारा, मधात मोकळा टाका ठेवा.

शेवंती (वरोरा)

मी थोडं विरोधात बोलते. या चर्चेत सगळं मशीनचं चाललंय. आमच्या आजीच्या गोधड्या हाताच्या धावदोऱ्याच्या, बोटभर अंतरावर रांगा, कोपऱ्यातून सुरू होऊन गोल फिरत मध्यावर संपणाऱ्या. त्या जितक्या धुतल्या तितक्या मऊ झाल्या. मशीनची टीप कापड चिमटीत धरते. हाताचा टाका सैल असतो, थर आत हलतात, म्हणून ऊब राहते. चमकीच्या दोऱ्याने तो मऊपणा येणार आहे का?

पऱ्हाटी

शेवंतीताई, तुमच्या म्हणण्यातलं बरंचसं मला मान्य आहे. मशीनच्या टिपेत वरचा आणि खालचा दोरा कापडाच्या मध्ये एकमेकांत अडकतो, म्हणून कापड दोन्हीकडून आवळलं जातं. हाताच्या धावदोऱ्यात एकच दोरा वरखाली जातो. म्हणून मशीनवर शिवताना टाका मोठा, टेन्शन सैल आणि ओळींत अंतर जास्त ठेवायचं. लुगड्यांचे थर असतील तर चार बोटं अंतरही पुरतं, कारण ते थर सरकून गोळा होत नाहीत. पिंजलेली रुई भरली असेल तेव्हा मात्र ओळी जवळ हव्यात, नाहीतर धुतल्यावर तिचे गोळे होतात.

मला स्वतःला दोन्ही मिळून केलेली गोधडी सगळ्यात आवडते. जोडांवर मशीनचा टाका, कारण तिथे आधीच कापड दुहेरी आहे, त्याचा कडकपणा जाणवत नाही. मधल्या मोकळ्या चौकोनांवर हाताचा धावदोरा. आजीची पद्धत जायला नको याबद्दल आपण दोघी एकाच बाजूला आहोत.

खारपाणपट्टा (अकोला जिल्हा)

पूर्णाकाठच्या आमच्या गावांत विहिरीचं आणि बोअरचं पाणी खारं. त्याचा परिणाम या दोऱ्यांवर होतो, तो कुणी लिहिला नाही म्हणून सांगतो. खाऱ्या, जड पाण्यात साबणाला फेस येत नाही. साबणाचा पांढरट थर कापडावर बसतो आणि रेशमी दोरा धुरकट दिसायला लागतो. लोकांना वाटतं दोऱ्याचा रंग गेला. बहुतेक वेळा रंग जागेवर असतो, वर थर असतो. घरी आम्ही गोधडी धुतल्यावर शेवटचं पाणी पावसाचं साठवलेलं किंवा टँकरचं गोडं वापरतो. तेही नसलं तर बादलीत थोडं व्हिनेगर टाकून खळबळून काढतो. चमक परत येते.

आणि गडद लाल, मरून, निळा दोरा पांढऱ्या कापडावर घालण्याआधी पारखून घ्या. हातभर दोरा गरम पाण्यात भिजवा, पांढऱ्या सुती कापडाच्या दोन घड्यांत ठेवून इस्त्री दाबा. डाग उमटला तर तो दोरा पांढऱ्यावर नको.

टीपवाली

दादा, हे आमच्याकडेही लागू आहे, बोअरचं पाणी जडच असतं. व्हिनेगरचं करून बघते.

अजून एक. उन्हाळ्यात माझा सुती दोरा सारखा तुटतो, पावसाळ्यात तोच नीट चालतो. मशीनला तेल दिलंय, सुई नवी आहे.

खारपाणपट्टा

ताई, तो दोष हवेचा असणार. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळीसपर्यंत जातो आणि हवेत ओल राहत नाही. सुती तंतू आपल्या अंगात थोडी ओल धरून असतो. ती गेली की तो ठिसूळ होतो. नागपूरला जमशेदजी टाटांनी 1877 मध्ये एम्प्रेस मिल सुरू केली तेव्हा त्यांच्यापुढेही हीच अडचण होती. कोरड्या हवेत सूत तुटायचं, म्हणून त्या गिरणीत हवा दमट ठेवायची यंत्रं बसवली होती. घरी एवढंच करा की रीळ रात्री माठाजवळ ठेवा, किंवा ओलसर कापडात गुंडाळून पिशवीत ठेवा आणि सकाळी शिवा. चिंब भिजवायचं नाही. आणि रिळं खिडकीत, उन्हात कधी ठेवू नका. रंगही जातो, दोराही जळतो.

मोहाडीकर (भंडारा जिल्हा)

आमच्या भागात, मोहाडी-आंधळगावला, कोशाचं विणकाम आहे. ऐन आणि अर्जुनाच्या झाडावर वाढणाऱ्या अळीचं हे टसर रेशीम, करवतकाठी साडीतलं. कोशाचा दोरा गोधडीच्या नक्षीला वापरता येतो का, असं मला गटातल्या बायका विचारतात, म्हणून इथे लिहितो.

येतो, पण सुईतून नाही. सलग काढलेला कोशाचा तार बारीक आणि बऱ्यापैकी सारखा असतो, तरी मशीनच्या वेगाला तो टिकत नाही. हाताने ओढून काढलेलं सूत, ज्याला आमच्याकडे घिचा म्हणतात, ते तर गाठीगाठींचं असतं. सुईच्या भोकात गाठ अडकली की दोरा फाटतो. पऱ्हाटीताईंनी सांगितलेल्या उलट्या शिलाईत, म्हणजे बॉबिनमध्ये भरून, घिचा चालतो. त्याहून चांगलं म्हणजे शिंपीदादांनी सांगितल्याप्रमाणे वर ठेवून झिगझॅगने दाबायचा. त्या गाठीच मग शोभा देतात. मूळचा मधासारखा रंग आहे तो तसाच ठेवा, गडद निळ्या किंवा काळ्या खादीवर तो फार खुलतो.

काळजी दोन गोष्टींची. रेशमाला सोडा सोसत नाही, म्हणून धुण्याचा सोडा किंवा कडक पावडर नको, रिठ्याचं पाणी वापरा. दुसरं म्हणजे कसर लागते. ठेवणीत टाकताना गोधडी पूर्ण वाळलेली हवी, आणि आम्ही तिच्या घडीत सुकलेला कडुलिंबाचा पाला ठेवतो.

पऱ्हाटी

मोहाडीकरदादा, ही माहिती मला हवीच होती. निळ्या खादीवर कोसा, बघायलाच हवं! आमच्या वर्ध्यात मगनसंग्रहालयात नैसर्गिक रंगांची खादी मिळते. विदर्भातलाच कापूस, विदर्भातलंच रेशीम, एका गोधडीत. त्या गोधडीला मी बाहेरून आणलेली जरी लावणार नाही.

चंद्रज्योती (उमरखेड)

जरीचा विषय निघालाच आहे तर विचारते. भाचीच्या लग्नाच्या दुलईला मला जरीच्या दोऱ्याने वेल काढायचा आहे. झिगझॅगवाली विजेची मशीन आहे. दोरा चार बोटं जात नाही की तुटतो, नाहीतर आतला दोरा उघडा पडून वरची जरी गोळा होते. काय करू?

पऱ्हाटी

चंद्रज्योतीताई, बाजारातल्या मशीनच्या जरीत बहुतेक वेळा आत नायलॉनचा किंवा पॉलिस्टरचा दोरा असतो आणि त्यावर धातूचा मुलामा दिलेली प्लॅस्टिकची पातळ पट्टी गुंडाळलेली असते. सुईच्या भोकातून दोरा एका टाक्याला लागेपर्यंत अनेकदा खालीवर जातो. भोक अरुंद असलं की पट्टी खरवडली जाते आणि मागे गोळा होते. तुमचं तेच होतंय.

पहिलं, सुई बदला. जरीसाठी मोठ्या लांबट भोकाची सुई येते, तालुक्याला नाही मिळाली तर नागपूर-अमरावतीला मिळेल. तोपर्यंत 16 नंबरची नवी सुई लावा, तिचं भोक 14 पेक्षा मोठं असतं. दुसरं, वरचं टेन्शन नेहमीपेक्षा बरंच कमी करा. तिसरं, वेग. विजेची मशीन जोरात पळते. पेडल अगदी हळू दाबा, नाहीतर चाक हाताने फिरवा. या एका कामाला पायमशीन चांगली, वेग पायात असतो.

चौथं बहुतेकांच्या लक्षात येत नाही. रीळ कसं ठेवलंय ते बघा. दोरा रिळावर समांतर गुंडाळलेला असेल तर रीळ उभं ठेवून त्याला फिरू द्या, दोरा बाजूने निघाला पाहिजे. वरच्या टोकातून काढला तर दर फेऱ्याला त्याला एक पीळ बसतो, आणि जरीला पीळ पडला की ती गाठाळते. सपाट पट्टीच्या जरीला तर हा नियम पाळावाच लागतो. दोरा एकमेकांवर तिरपा, जाळीसारखा गुंडाळलेला असेल तर मात्र तो टोकातूनच निघायला हवा. मोठा कोन, म्हणजे शंकूच्या आकाराचं रीळ, असेल तर मशीनच्या मागे पेल्यात ठेवा, म्हणजे दोरा उंच येऊन सैल होऊन मशीनला लागतो.

वेल काढताना टाका मोठा आणि मोकळा ठेवा. भरीव पट्टी जरीत नको, टोचते. आणि ती जिथे अंगाला, गालाला लागणार नाही तिथे घाला. दुलईच्या पायाकडच्या भागात किंवा मधल्या चौकोनात. डोक्याकडच्या काठाला सुतीच दोरा बरा.

शिंपीदादा

इस्त्रीचं राह्यलं सांगाचं. जरीवर गरम इस्त्री ठेवली की पट्टी आकसते, काळी पडते. उलट्या बाजूनं, वर कापड ठेवून, इस्त्री एकदम कमी. थो न दिसनारा पारदर्शक दोरा येते ना, नायलॉनचा, त्याचंही तसंच. कडक इस्त्रीनं वितळते. पॉलिस्टरचा पारदर्शक दोरा घ्या, थो उष्णता जास्त सोसते.

चंद्रज्योती

सुई बदलली, रीळ उभं केलं. वेल चालला! पाय अगदी हळू दाबते आहे. सगळ्यांचे आभार. पानांची टोकं आली की दोरा तोडावा लागतो. तिथे मागे-पुढे टीप मारून बंद करू का?

पऱ्हाटी

नका मारू. मागे-पुढे टीप मारली की जरीचा तिथे खरखरीत गोळा होतो, आणि रेयॉन असेल तर धुण्यात तेच टोक आधी सुटतं. टोक वीतभर लांब सोडून कापा. खालचा दोरा हलकेच ओढलात की वरचा दोरा त्याच्या फासातून अस्तराच्या बाजूला येईल. दोन्हींची तिथे गाठ मारा. मग दोन्ही टोकं हातसुईत ओवून आतल्या थरात बोटभर लांब घाला आणि सुई बाहेर काढून उरलेलं कापडालगत कापा. पानं बरीच असतील तर प्रत्येक पानाला तोडू नका. एका पानाच्या देठावरून परत खाली येऊन पुढच्या पानाला वळा, म्हणजे दोरा वेलाच्या टोकालाच तोडावा लागेल.